हाडांची वाढ मोजणारे हात

पवनी तालुक्यातल्या अड्याळमध्ये 'लॅबवाला' म्हटले की रक्त-लघवी तपासणारा माणूसच डोळ्यांसमोर येतो. डीएमएलटी ही प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका करणाऱ्या मुलांनाही पुढची वाट तेवढीच दिसते. ती त्याहून लांब, संशोधनापर्यंत जाते.

पुण्याच्या जहांगीर रुग्णालयाशी जोडलेल्या हिराबाई कावसजी जहांगीर संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि सहकारी भारतीय मुलांच्या हाडांची घनता अभ्यासतात. तिथे ही घनता मोजायला वापरतात त्या डेक्सा यंत्रात चुळबुळ्या मुलाला स्थिर निजवणे हेही कौशल्यच आहे. मूल हलले की मोजमाप बिघडते.

प्राण्यांवरच्या संशोधनात काम आणखी नाजूक. उंदराला काही दिवसांच्या अंतराने दोनदा कॅल्सीन हे चमकणारे रंगद्रव्य टोचतात. ते नव्या हाडात बसते. मग हाड राळेत बसवून पातळ काप घ्यायचे. फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली दोन हिरव्या रेषा चमकतात. त्यांतले अंतर भागिले दोन टोचण्यांमधले दिवस, म्हणजे हाडाचा रोजचा वाढवेग. काप फाटला, तर तो नमुना गेला!

निष्कर्षाचा पायाच तंत्रज्ञ घालतो. तरीही प्रकल्प संपताच त्याची नोकरी जाणे हा अन्यायच. निधी देणाऱ्या सरकारी संस्थांनी तंत्रज्ञांसाठी कायम पदे निर्माण करावीत आणि शोधनिबंधांत त्यांची नावे छापण्याचा आग्रह धरावा.