ऐकत नाहीं कीं ऐकूं येत नाहीं ?

शाळेंत दिवसाकाठीं जितक्या वेळां ‘ऐका’ हा शब्द उच्चारला जातो, तितक्या वेळां दुसरा कोणताही शब्द उच्चारला जात नसेल. प्रार्थनेपूर्वीं तो असतो, गणित घालण्यापूर्वीं असतो, आणि शिक्षा करण्यापूर्वीं तर हमखास असतो. असें असूनही समोर बसलेल्या मुलांस खरोखर ऐकूं येतें कीं नाहीं, हें पाहण्याची चाल आमच्या शाळांतून जवळजवळ नाहीं. दृष्टि अधू असलेला मुलगा फळ्याकडे डोळे बारीक करून पाहूं लागला म्हणजे शिक्षकांच्या ध्यानांत येतो व त्यास चष्मा मिळतो. कान अधू असलेला मुलगा ध्यानांत येत नाहीं; कारण त्याच्या दोषाचें जें बाह्य लक्षण, तेंच आळशी व उद्धट मुलाचेंही लक्षण असतें. हांक मारली तरी तो वळत नाहीं. आमच्या भाषेनें तर येथें मोठाच घोटाळा करून ठेविला आहे. जो आज्ञा मानीत नाहीं त्यासही आपण ‘तो ऐकत नाहीं’ असेंच म्हणतों. संस्कृतांतील ‘शुश्रूषा’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. त्यावरून पुढें आज्ञाधारकपणा व सेवा हे अर्थ आले. ज्यास इच्छा आहे, परंतु ज्याचा कान साथ देत नाहीं, अशा मुलाची सोय भाषेनें केलेली दिसत नाहीं. आणि शाळेनेंही केलेली नाहीं.

हें आम्ही उच्चासनावरून लिहीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या सातवीच्या वर्गांत एक मुलगा होता. कळमेश्वरपासून कोसभर अंतरावरील खेड्यांतून तो सायकलीवर येई. वडील संत्र्याच्या बागेंत मजुरी करीत. तो शेवटच्या बाकावर बसे, प्रश्न विचारला कीं हंसे, आणि भलतेंच उत्तर देई. तें हंसणें आम्हांस उद्धटपणाचें वाटे. आम्हीं त्यास दोनदां वर्गाबाहेर उभें केलें, आणि वर्षअखेरच्या प्रगतिपुस्तकांत ‘लक्ष नसतें’ असा शेरा स्वतःच्या हातानें लिहिला. मोशेच्या नियमशास्त्रांत बहिऱ्यास शाप देण्याची मनाई आहे. ज्यास शाप ऐकूंच येणार नाहीं, त्याला तो देण्यांत एवढें काय बिघडलें, असें आम्हांस विद्यार्थिदशेंत वाटत असे. त्या शेऱ्याची आठवण झाली म्हणजे आतां तसें वाटत नाहीं.

पुढच्या वर्षीं शुद्धलेखनाच्या वह्या तपासतांना एक विलक्षण गोष्ट दिसून आली. फळ्यावरून उतरून घेतलेला उतारा त्या मुलाच्या वहींत निर्दोष होता. तोंडानें सांगितलेल्या उताऱ्यांत मात्र ‘साप’च्या जागीं ‘ताप’, ‘काठी’च्या जागीं ‘पाटी’, ‘फार’च्या जागीं ‘पार’ असें लिहिलेलें होतें. ज्यानें अभ्यास केला नाहीं तो ऱ्हस्वदीर्घांत चुकतो. ह्याचे ऱ्हस्वदीर्घ बरोबर होते. चुकलीं होतीं तीं व्यंजनें. आणि त्याचें कारण उघड आहे. बोलण्यांतील स्वर दणकट असतात, ते दुरूनही पोहोंचतात. स, फ, क, त हीं व्यंजनें नुसत्या श्वासाच्या बळावर उभीं असतात. कान थोडासा मंदावला कीं प्रथम तींच गळतात. अशा मुलास आवाज ऐकूं येतो, शब्द ऐकूं येत नाहीं. म्हणूनच घरचीं माणसें शपथेवर सांगतात कीं, ‘त्याला ऐकूं येतें हो, ताट वाजलें कीं धांवत येतो !’

त्यास जवळ बोलाविलें तों कानांत कापूस व त्या कापसास घाण वास. कान तान्हेपणापासून वाहत होता. आई रोज रात्रीं लसणाची पाकळी घालून कढविलेलें तेल कानांत सोडी. माउलीच्या मायेविषयीं शंका नाहीं. परंतु ज्याचा पडदा फाटलेला आहे त्या कानांत तेल सोडणें म्हणजे उघड्या जखमेंत तें ओतणें होय. पुढें नागपुरास दाखविलें, तेव्हां दोन्ही पडद्यांस भोंकें असल्याचें कळलें. एका कानाच्या पडद्यास शस्त्रक्रियेनें ठिगळ लाविलें गेलें व तो पुष्कळ सुधारला. गेलेलीं वर्षें मात्र सुधारलीं नाहींत. दहावीला तो एका विषयांत राहिला, पुन्हां परीक्षेस बसला नाहीं, आणि आज येथीलच एका कारखान्यांत, अगदीं घणाच्या आवाजांत, कामास जातो.

आपल्याकडे कान फुटण्यास फारसें महत्त्व देत नाहींत. मूल मोठें झालें कीं तो आपोआप बरा होतो, अशी समजूत आहे. घशापासून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी गेलेली असते. लहान मुलांत ती आंखूड व जवळजवळ आडवी असल्यामुळें सर्दीपडशाचा विकार तिच्या वाटेनें सहज कानांत शिरतो. पडद्याच्या आंत हातोडी, ऐरण व रिकीब ह्या आकाराचीं तीन हाडें असून, त्यांतील रिकीब सुमारें ३ मिलिमीटरची, म्हणजे मनुष्यदेहांतील सर्वांत लहान हाड आहे. पडद्याचें कंपन हीं हाडें शंखाकृति अंतःकर्णापर्यंत पोहोंचवितात. पू तेथें वर्षानुवर्षें राहिला तर तो हीं हाडें खाऊन टाकतो. उपाय आहे, आणि तो वेळेवर केला तर मोठाही नाहीं. कान कोरडा ठेवावा, त्यांत तेल, रस, काडी कांहीं घालूं नये, आणि वैद्यकी जाणणारास दाखवावें. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें बालपणींच्या बहिरेपणापैकीं सुमारें ६० टक्के टाळतां येण्याजोगा असतो. गोवर व रुबेला ह्यांची लस हाही त्यांतीलच एक उपाय. रुबेला गर्भवतीस झाला असतां तिचें मूल जन्मतः बहिरें होण्याचा संभव असतो. नोव्हेंबर २०१८ मध्यें महाराष्ट्रभर शाळांतून ही लस टोंचली गेली, तेव्हां ‘मुलग्यांस ती कशाला ?’ असें विचारणाऱ्या पालकांस हें उत्तर द्यावें लागलें होतें.

एक गोष्ट आमच्या व्यवसायबंधूंस उद्देशून. कान पिळणें व कानशिलांत लगावणें हे जुन्या शाळेचे जणुं अलंकारच होते. इ. स. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शारीरिक शिक्षेस मनाई केली. पण मनाई झाली म्हणून हात सर्वत्र थांबले असें म्हणवत नाहीं. उघड्या पंज्याची थप्पड कानावर बसली कीं कोंडलेल्या हवेच्या दाबानें पडदा फाटूं शकतो. न ऐकल्याबद्दल मुलास मारावें आणि त्या मारानेंच त्याचें ऐकणें घालवावें, ह्याहून विपरीत न्याय कोणता ?

आतां आवाजाविषयीं. अंतःकर्णांत केसाळ पेशी सुमारें पंधरा हजार असतात. त्या एकदां मेल्या कीं मनुष्याच्या कानांत पुन्हां उगवत नाहींत. कळमेश्वरास लोखंडी पत्र्याचे व इतर कारखाने आहेत, आणि आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचे वडील तेथें राबतात. आवाजानें येणारें बहिरेपण इ. स. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टांत, कळविण्यास बंधनकारक अशा रोगांत, नमूद केलें गेलें होतें. तरीही कानांत बोळे घालून काम करणारास सोबती हंसतात, असें मुलें सांगतात. कारखान्यांत निदान पोटासाठीं जावें लागतें. मिरवणुकींतील भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांपुढें, ज्यांस मुलें ‘डीजे’ म्हणतात, कोणासही पोटासाठीं उभें राहावें लागत नाहीं. ८० डेसिबल आवाज आठवड्यास चाळीस तासांपर्यंत कानास सोसतो. १०० डेसिबलचा आवाज वीस मिनिटांहून अधिक सोसत नाहीं. इ. स. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं शाळा व रुग्णालयांभोंवतालचें १०० मीटरपर्यंतचें क्षेत्र शांततेचें म्हणून ठरवून घेण्याची सोय केली आहे. परंतु येथें आम्हीं केवळ इतरांच्या मारबतीकडे व गणेशोत्सवाकडे बोट दाखविणें शोभणार नाहीं. नाताळच्या रात्रीं आमच्याही मंडळीचा कर्णा कांहीं हळू वाजत नाहीं.

कानाचें दुसरें एक काम फार थोड्यांस ठाऊक असतें. शरीराचा तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या अंतःकर्णांतच, परस्परांशीं काटकोन करून, वसलेल्या आहेत. भोवळ हा मेंदूचाच विकार अशी युरोपांतही समजूत होती. पॅरिसच्या मूकबधिर संस्थेचे वैद्य मेनिएर ह्यांनीं इ. स. १८६१ मध्यें ती कानांतूनही उद्भवते असें दाखविलें. आपल्याकडे अजून तिचें खापर पित्तावर, रक्तदाबावर, क्वचित् बाहेरच्या बाधेवरही फोडतात. कुशीवर वळतांच खोली गरगर फिरली व मिनिटाच्या आंत थांबली, तर बहुधा कानांतील खडूच्या जातीचे सूक्ष्म कण आपली जागा सोडून नळींत शिरलेले असतात. जाणता वैद्य डोकें विशिष्ट क्रमानें वळवून ते पुन्हां जागीं नेऊं शकतो. शाळेपुरतें एवढें ध्यानांत ठेवावें कीं, डोळे मिटून कवाइतींत उभा राहिला असतां जो मुलगा झोंकांड्या खातो, तो सोंग करतो असें धरून चालूं नये. आणि ज्याचा कान वाहतो त्यासच भोवळ येऊं लागली, तर एक दिवसही दवडूं नये. पू आंतपर्यंत पोहोंचल्याची ती खूण असूं शकते.

जीं मुलें पूर्ण बहिरीं त्यांच्यासाठीं आपल्या प्रांतांत फार पूर्वींच प्रयत्न झाले. इ. स. १८८५ च्या सुमारास मुंबईस माझगांवांत बिशप लिओ म्यूरिन ह्यांनीं मूकबधिरांची शाळा काढली; हिंदुस्थानांतील ती पहिली मानितात. वांद्र्यास इ. स. १९८३ मध्यें अली यावर जंग ह्यांच्या नांवें राष्ट्रीय संस्था निघाली, आणि नागपुरास शंकरनगरांत मूकबधिर विद्यालय आहे. आमची तक्रार आहे ती मधल्या मुलांविषयीं. इ. स. २०१६ च्या कायद्याप्रमाणें दोन्ही कानांत ६० डेसिबलची उणीव असल्यावांचून मनुष्य अल्पश्रवण ठरत नाहीं. साधें संभाषण सुमारें ६० डेसिबलचें असतें. म्हणजे ज्याची उणीव ४० डेसिबल आहे त्यास कायदा कांहीं देत नाहीं, आणि पंख्यांच्या घरघरींत शेवटच्या बाकावर वर्गही कांहीं देत नाहीं. तो ना बहिऱ्यांत, ना ऐकणाऱ्यांत. आणि हा आमचाच विद्यार्थी, त्यास धाडावयास दुसरी शाळा नाहीं. इ. स. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालीं आरोग्यपथकें मुलांस तपासतात, हें चांगलें आहे. पण पथक येतें एखादे दिवशीं, आणि शिक्षक तेथें वर्षभर असतो. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायांत बहिऱ्यास बरें करण्याची जी कथा आहे, तींत प्रभूनें आधीं त्या मनुष्यास गर्दींतून बाजूस नेलें, असें सांगितलें आहे. चमत्कार आमच्या हातचा नाहीं. बाजूस नेणें आमच्या हातचें आहे.

म्हणून पुढील जूनमध्यें शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यांत पांचवीच्या वर्गापासून आम्ही आरंभ करणार आहों. रीत सोपी आहे. एकेका मुलास शांत खोलींत नेऊन, हातभर अंतरावर त्याच्या पाठीशीं उभें राहावयाचें, त्याचा एक कान बोटानें दाबून धरावयाचा, आणि दुसऱ्या कानासाठीं तीन अंक कुजबुजून ते त्यास म्हणावयास सांगावयाचे. पाठीशीं अशासाठीं कीं, हीं मुलें ओंठ वाचण्यांत पटाईत असतात. दोनदां चुकेल त्याच्या पालकांस चिठ्ठी जाईल व त्याची जागा पहिल्या बाकावर, खिडकीपासून दूर, होईल. ह्या तपासणीस कांहीं खर्च नाहीं. ज्या पालकांच्या मुलांचे कान वाहतात त्यांनीं ती गोष्ट लाजेनें लपवूं नये, प्रवेशाच्या वेळींच कळवावी. आणि चिठ्ठी आली म्हणून मुलास रागें भरूं नये.