फ्लूचा ताप आणि हृदय
फ्लू म्हणजे नाक-घशाचं दुखणं, चार दिवसांत उतरेल, असं म्हणत घरातली वडीलधारी माणसं ताप अंगावर काढतात. पण विषाणू श्वासमार्गात शिरला, तरी त्याच्याशी झुंजताना साऱ्या शरीरात दाह होतो. रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, हृदयावर ताण येतो. आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत अशा वेळी गुठळी होऊ शकते. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या ७ दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे ६ पट आढळला. तेव्हा तापात छातीत दुखलं, दम लागला, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून थांबू नका. लगेच रुग्णालय गाठा. हृदयविकार वा मधुमेह असेल, तर फ्लूच्या वार्षिक लसीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.