हट्टामागील हेतू



घरातील एखादे मूल वेळेवर बोलू लागत नाही, हाक मारली तरी वळून पाहत नाही, पाटी-पुस्तक पुढे ठेवताच किंचाळते किंवा डोके भिंतीवर आपटते. अशा वेळी कुटुंबात बहुधा दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणते, लाडाने बिघडले आहे, दोन फटके द्या. कोणी म्हणते, पूर्वकर्माचा उदय आहे, भोगल्यावाचून सुटका नाही. पहिल्या मतात हिंसा आहे. दुसऱ्यात कर्मसिद्धांताचे अर्धेच ज्ञान आहे. कारण आपल्या परंपरेने कार्यसिद्धीसाठी जे पाच समवाय सांगितले, त्यांत कर्माबरोबर पुरुषार्थही आहे. या मुलांबाबत पुरुषार्थ कोणत्या दिशेने करावा, याचा शोध ‘उपयोजित वर्तन विश्लेषण’ ही ज्ञानशाखा गेली साठ वर्षे घेत आहे.

या शास्त्राचे मूळ सूत्र साधे आहे. ज्या वर्तनानंतर हवे ते मिळते, ते वर्तन पुन्हा घडते. म्हणून मोठे कौशल्य लहान लहान पायऱ्यांत विभागावे आणि प्रत्येक पायरीला तत्काळ दाद द्यावी. 1964 साली अमेरिकेतील वुल्फ, रिस्ले आणि मीस यांनी साडेतीन वर्षांच्या एका स्वमग्न मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. मोतीबिंदूमुळे त्याच्या डोळ्यांतील भिंगे काढावी लागली होती. चष्मा लावला नाही तर दृष्टी जाण्याचा धोका होता आणि मूल चष्म्याला हात लावू देत नव्हते. संशोधकांनी प्रथम नुसती रिकामी चौकट दिली. ती उचलली, हातात धरली, डोळ्यांजवळ नेली, की प्रत्येक वेळी खाण्याचा लहानसा तुकडा मिळे. पुढे ते मूल दिवसाचे सुमारे बारा तास चष्मा लावू लागले. मात्र या कामी त्याच्या न्याहारीचे घासही वापरले गेले, ही गोष्ट आज आपल्याला खटकल्यावाचून राहत नाही.

पुढचा महत्त्वाचा टप्पा बाल्टिमोर येथे गाठला गेला. स्वतःला इजा करून घेणाऱ्या 9 जणांचा अभ्यास ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 साली प्रसिद्ध केला. इजा झाल्यावर लक्ष दिले तर काय होते, अभ्यास थांबवला तर काय होते, मूल एकटे असले तर काय होते आणि खेळात रमले असता काय होते, हे त्यांनी वेगवेगळे तपासले. बाहेरून वर्तन एकसारखे दिसत असले तरी त्याची कारणे मुलागणिक भिन्न निघाली. कोणाला लक्ष हवे होते, कोणाला कठीण कामातून सुटका हवी होती, तर कोणाची कृती माणसे नसतानाही चालूच राहत होती. अनेकांताचे संस्कार ज्यांच्यावर झाले आहेत, त्यांना यात नवल वाटू नये.

1985 साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी या समजुतीवर उपाय उभा केला. काम अवघड वाटल्यामुळे गोंधळ घालणाऱ्या मुलांना त्यांनी, आपल्याला समजत नाही, असे सांगून मदत मागायला शिकवले. लक्ष हवे असणाऱ्यांना, आपले काम कसे झाले, असे विचारायला शिकवले. शब्द हाती येताच गोंधळ कमी झाला. किंचाळणे हीच त्या मुलांची भाषा होती. अधिक सोपी भाषा मिळाल्यावर जुनीची गरज उरली नाही.

या शास्त्राची दुसरी बाजूही सांगणे कर्तव्य आहे. इव्हार लोव्हास यांचे 1987 सालचे गाजलेले संशोधन आठवड्याला सुमारे चाळीस तासांच्या शिकवणीवर आधारलेले होते, आणि त्यात मोठ्याने दरडावणे व मांडीवर चापट मारणे यांचाही समावेश होता. त्याआधीच्या प्रयोगांत तर विजेचे धक्केही दिले गेले. आज मोठे झालेले अनेक स्वमग्न लोक विचारतात, हात हलवण्यासारखी निरुपद्रवी सवय मोडण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? हा प्रश्न रास्त आहे. मुलाला चारचौघांसारखे दाखवणे हे उद्दिष्ट नसावे. त्याचे दुःख कमी व्हावे आणि स्वावलंबन वाढावे, हे असावे. म्हणून कोणत्याही केंद्रात नाव घालण्यापूर्वी विचारावे: येथे शिक्षा केली जाते काय? पालकांना सत्र पाहू देतात काय? जेथे उत्तर टाळले जाते, तेथून मूल परत आणावे.

घरी काय करावे? आपण व्यापारी माणसे. रोजमेळ लिहिल्याशिवाय दुकान वाढवत नाही. तशीच एक वही मुलासाठी ठेवावी. तीन रकाने पुरेत: आधी काय घडले, मुलाने काय केले, त्यानंतर त्याला काय मिळाले. पंधरा दिवसांनी पाने उलटली की खाते बोलू लागते. प्रत्येक किंकाळीनंतर हाती मोबाइल येत असेल, तर ती किंकाळी आपणच पोसत आहोत. दर वेळी जेवतानाच रडू येत असेल, तर दात किंवा पोट दुखत नाही ना, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. डोके आपटण्यासारखी इजा असेल, तर घरगुती प्रयोग न करता तज्ज्ञाकडेच जावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. तरीही भावंडांच्या सोयरिकीच्या भीतीने आपल्याकडे मूल आतल्या खोलीत ठेवले जाते आणि शिकण्याची उमेदीची वर्षे तेथेच सरतात. मुंगी चिरडू नये म्हणून आपण पाहून पाऊल टाकतो. तीच दक्षता आपल्या अंगणातील या अबोल जीवाच्या वाट्याला आली पाहिजे. पुढच्या वेळी मूल किंचाळेल, तेव्हा हात उगारण्यापूर्वी एवढेच विचारावे, याला काय सांगायचे आहे?