बिऱ्हाड तिचं, कागद कुणाचे?

एप्रिल-मे आला की गल्लोगल्ली सामानाने भरलेले टेम्पो दिसू लागतात. वर आडवं कपाट, त्याच्या आडोशाला गाद्या, आणि ड्रायव्हरशेजारी मांडीवर देव्हारा नाहीतर लोणच्याची बरणी धरून बसलेली बाई. शाळांना सुट्टी लागलेली असते, सरकारी बदल्याही याच दोन महिन्यांत होतात, त्यामुळे घरं बदलण्याचा हा हंगामच असतो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण सहज म्हणतो. माणसांचं बिऱ्हाड मात्र बहुतेक वेळा बाईच्या पाठीवर असतं, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

हे काम टेम्पो येण्याच्या महिनाभर आधी सुरू होतं. वाण्याकडून पुठ्ठ्याची खोकी मागून आणायची, डबे रिकामे होतील अशा बेताने डाळ-तांदूळ भरायचे, काचेची भांडी साड्यांत गुंडाळायची, गॅसचं पुस्तक बदलून घ्यायचं, मुलांचे दाखले काढायचे, नव्या जागी पाणी किती वाजता येतं ते शेजारणीला विचारून ठेवायचं, सासूबाईंच्या गोळ्या कुठल्याही खोक्यात न टाकता पर्समध्ये ठेवायच्या. टेम्पो ठरवणं आणि हमालांशी घासाघीस करणं हे पुरुषाचं काम. ते सगळ्यांना दिसतं, म्हणून ‘त्याने घर शिफ्ट केलं’ असं म्हटलं जातं. देशाच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यावर घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं आढळलं. पोळ्या लाटता लाटता डोक्यात चाललेली ही महिनाभराची जुळवाजुळव अशा कुठल्या रकान्यात बसवायची?

पण आमचा मुद्दा केवळ कामाच्या वाटणीचा नाही. बाईचं पहिलं बिऱ्हाड लग्नातच हलतं. २०२०-२१ च्या सरकारी पाहणीनुसार स्थलांतर केलेल्या बायकांपैकी ८६.८ टक्के बायका लग्नामुळे गाव सोडून आलेल्या आहेत. तेव्हापासून कुठे राहायचं, केव्हा निघायचं, भाडं किती परवडतं हे बहुधा दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं आणि कसं निघायचं एवढंच तिच्यावर सोपवलेलं असतं. ती सामान बांधत असताना बाहेरच्या खोलीत करारावर सह्या होतात, त्या तिच्या नसतात.

याची किंमत किती मोजावी लागते हे गटांत काम करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. ‘तू पंधरा दिवस माहेरी जा, सामान लावून झालं की बोलावतो,’ असं सांगून बाईला एस.टी.त बसवलं जातं. पंधरा दिवसांचे दोन महिने होतात, फोन उचलला जात नाही, जुन्या घराला कुलूप आणि नव्या घराचा पत्ता तिला माहीत नाही. भांडण नाही, मारहाण नाही, तलाकही नाही की घटस्फोटही नाही. घर बदलण्याच्या नावाखाली बाई घराबाहेर गेलेली असते. पोलीस चौकीत विचारतात, ‘तुम्हाला काढलं का? तुम्हीच गेलात ना?’

अशा बाईला आपण ठामपणे सांगायला हवं की कायदा तिच्या बाजूने आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने ज्या घरात ती नांदली त्या घरात राहण्याचा हक्क तिला दिला आहे, घर भाड्याचं असलं तरी आणि कागदावर तिचं नाव नसलं तरी. सासऱ्यांच्या मालकीचं घर असेल तर काय, हा प्रश्न बरीच वर्षं बायकांच्या विरोधात जात होता. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सतीश अहुजा खटल्यात तेही सामायिक घर ठरू शकतं असा निकाल दिला. नवऱ्याने घरावरचा आपला हक्क परस्पर सोडू नये, असा मनाईहुकूम न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. तशाच दर्जाची दुसरी जागा द्यायला किंवा तिचं भाडं भरायला सांगू शकतात. स्त्रीधन परत करायला लावू शकतात. अर्ज नवऱ्याच्या गावीच करायला हवा असंही नाही. ती आज तात्पुरती जिथे राहते, म्हणजे माहेरच्या गावीसुद्धा, तिथल्या न्यायालयात तो करता येतो. ही शेवटची गोष्ट फार थोड्या बायकांना माहीत असते आणि तेवढ्यासाठी कित्येक जणी गप्प बसतात.

अर्थात, न्यायालयात जायची वेळ येण्याआधी बरंच काही करता येतं, आणि त्याची वेळ घर बदलतानाच असते. एरवी ‘माझं नाव घाला’ म्हटलं की घरात संशयाने बघतात. नवा करार होत असताना ते सहज बोलता येतं. महाराष्ट्रात भाड्याचा अकरा महिन्यांचा करारसुद्धा लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. त्या करारात भाडेकरू म्हणून नवरा-बायको दोघांची नावं घालता येतात. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या घराला तर नियमच आहे की ते पती-पत्नी दोघांच्या नावे असतं आणि सोसायटीच्या दप्तरी तशीच नोंद व्हायला हवी. वस्तीतल्या किती जणींनी ती नोंद डोळ्यांनी पाहिली आहे? रेशनकार्डावर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली सर्वांत मोठी स्त्रीच कुटुंबप्रमुख आहे, तेव्हा पत्ता बदलताना आधीच्या चुका दुरुस्त करून घ्याव्यात.

विकत घराचं मात्र जरा जपून. फक्त बाईच्या नावे घर घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. त्यामुळे अचानक बऱ्याच पतीराजांना पत्नीचं नाव आठवू लागलं, हे चांगलंच झालं! पण उलटाही प्रकार दिसतो. कर्जाला तिचा पगार दाखवायचा म्हणून बँकेच्या कागदावर तिची सही हटकून घेतात आणि खरेदीखतात तिचं नाव नसतं. म्हणजे हप्त्याची जबाबदारी तिची आणि घर त्याचं. कर्जावर सही केली म्हणून मालकी येत नाही. खरेदीखत वाचून झाल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही करू नये, हे प्रत्येक गटाने पाठ करून घ्यावं.

जागा ठरवताना ‘तिच्या कामाचं काय?’ हा प्रश्न विचारला जात नाही. मुंबईत तानसा जलवाहिनीच्या कडेच्या वस्त्या २०१७ पासून उठवल्या आणि कुटुंबांना माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेऊन ठेवलं. तिथल्या प्रदूषणावर लढा झाला, २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने पर्यायी घरांसाठी भाडं देण्याचा आदेश दिला. त्या स्थलांतरात जुन्या वस्तीजवळची धुण्याभांड्याची कामंही गेली, त्याचा हिशोब कुणी मांडला नाही. आपल्या मध्यमवर्गीय घरांतही शिवणाच्या गिऱ्हाइका, डब्याची घरं, शिकवणीची मुलं घर बदललं की एका दिवसात जातात, आणि नवऱ्याच्या ऑफिसला बस कुठून मिळेल याचीच चौकशी होते. आणखी एक, जरा टोचेल असं: आपण घर सोडतो तेव्हा आपल्याकडे काम करणाऱ्या ताईचा एका घराचा पगार बंद होतो. तिला महिनाभर आधी सांगतो का? निदान एक महिन्याचा पगार हातात ठेवतो का? जुनी चादर नि फुटका डबा देऊन त्याची भरपाई होत नाही.

एकट्या बाईची कथा आणखी वेगळी. तिने निर्णय स्वतः घेतलेला असतो, पैसे स्वतःचे असतात, तरी दलाल विचारतो, ‘बरोबर कोण राहणार?’ घटस्फोटित, परित्यक्ता, दलित, मुसलमान यांतलं जे असेल ते एकेक सांगत जावं तशी दारं बंद होत जातात. अशा मैत्रिणीबरोबर घर बघायला दोघी-तिघींनी जावं. दारात तीन बायका उभ्या असल्या की मालकाचे काही प्रश्न आपोआप गिळले जातात, असा अनेक जणींचा अनुभव आहे.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत कुणी सांगितलं की ‘आम्ही घर बदलतोय’, तर खोकी कुठून आणायची याच्या आधी कागदांचं बोलू या. एका कापडी पिशवीत तिचं आधारकार्ड, रेशनकार्ड, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, बँकेचं पुस्तक, दागिन्यांच्या पावत्या, आणि नव्या-जुन्या दोन्ही करारांच्या प्रती. ही पिशवी टेम्पोत चढवायची नाही, तिच्या खांद्याला असू द्यायची. प्रतींचा एक संच बहिणीकडे किंवा गटाच्या कपाटात. शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला तरी पहिली ते आठवीच्या मुलाचा प्रवेश त्या कारणाने अडवता येत नाही, हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आहे, तेही सांगून ठेवावं. नव्या वस्तीतल्या गटाचा किंवा एखाद्या ओळखीच्या बाईचा नंबर तिला द्यावा, आणि नवीन पत्ता तिच्याकडून निघण्याआधी लिहून घ्यावा. तुमच्या गटाने अशी यादी केली असेल, तिच्यात आम्हाला न सुचलेलं काही असेल, तर ते पोस्टकार्डावर का होईना, आमच्याकडे जरूर पाठवा.