आम्ही बदलीची माणसे!

"वस्तुसंग्रहालय काढणे हे सरकारचे काम, आम्ही काय, बदलीची माणसे!" बंगळूरला नेमणुकीवर आलेल्या मराठी मंडळींच्या तोंडी हे वाक्य ठरलेले आहे. आम्हीही ते वर्षानुवर्षे उच्चारले आहे. म्हणूनच ते किती लटके आहे, हे सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे.

शहाजीराजे तरी या गावी कसे आले? १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि पुढे ते राजांच्या जहागिरीत आले. म्हणजे तेही चाकरीनिमित्तच आले. पण त्यांच्या आश्रयाने जयराम पिंड्ये यांचा 'राधामाधवविलासचंपू' जन्मास आला. त्यात संस्कृताच्या जोडीला अनेक भाषांतील कवने आहेत. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांच्या दानाचा १६६९ चा शिलालेख मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळात आहे. आणि आमची कमाई कोणती? होदिगेरेच्या समाधीला एखादा हार आणि गणेशोत्सवात एक नाटक!

व्होल्गाकाठच्या कल्मिक लोकांकडे पाहावे. हे बौद्ध लोकही सतराव्या शतकातच मध्य आशियातून तिकडे गेले. डिसेंबर १९४३ मध्ये स्टालिनच्या राजवटीने हा सारा समाज उचलून सैबेरियात टाकला. परतण्याची वाट १९५७ मध्ये मोकळी झाली. आज एलिस्ता या त्यांच्या राजधानीत त्यांचे वस्तुसंग्रहालय उभे आहे. ज्यांचे घरदार गेले त्यांनी आपला ठेवा जपला. आणि ज्यांना सामान हलविण्याचा भत्ता मिळतो, त्या आम्हांस मात्र सबब सुचते!

आम्हांस तलवारी नकोत, पुतळेही नकोत. येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या भावसारांच्या, शिंप्यांच्या, देशस्थांच्या घरी मोडी कागद असतील, जमाखर्चाच्या वह्या असतील, देवघरातील उपकरणी असतील. आणि आजीच्या तोंडची, कानडीशी एकजीव झालेली मराठी तर खासच असेल. ती ध्वनिमुद्रित केली नाही, तर आजीबरोबरच जाईल.

कोणी म्हणतील, कानडी मुलखात हा मराठी सवतासुभा कशाला? सवतासुभा नव्हेच. प्रत्येक वस्तूवरील चिठ्ठी आधी कानडीत, मग मराठीत असावी. हा वारसा दोघांच्या शेजारातून घडलेला आहे. एकट्याने मिरवला तर तो खोटा ठरेल.

इमारत हवीच असे नाही. मंडळाच्या खोलीत एक कपाट आणि एक नोंदवही पुरे. वस्तू घेणे, क्रमांक घालणे, पावती देणे, याखेरीज आम्ही जन्मभर दुसरे केले तरी काय? बदलीचा हुकूम यायचा तेव्हा येईल. पहिला क्रमांक त्याआधी पडला पाहिजे.