शंभरावे मेंढरू आणि डिंभ्याचे पाणी

उन्हाळा चढू लागला की डिंभ्याचे पाणी मागे सरते. घोड नदीवरील या धरणाचा फुगवटा जसजसा ओसरतो तसतशी काठची गाळाची जमीन उघडी पडते आणि त्या ओलसर जमिनीत विस्थापित महादेव कोळी कुटुंबे पुन्हा बी टाकतात. या शेतीला गाळपेर म्हणतात. जी जमीन एकेकाळी बारमाही आपली होती तिच्यावर आता वर्षातील काही महिने, तेही धरणाच्या मर्जीने, नांगर धरायचा असा हा व्यवहार आहे. ज्या आंबेगावाने साऱ्या तालुक्याला नाव दिले ते जुने गाव याच जलाशयाच्या तळाशी आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. नाव मात्र पाण्याखालच्या गावाचे राहिले आहे.

डिंभे आणि माणिकडोह हे दोन जलाशय बोगद्याने जोडण्याच्या योजनेवरून गेली काही वर्षे जो वाद चालू आहे त्याच्या निमित्ताने या पाण्याची पुन्हा चर्चा होत आहे. धरण रिते होईल ही आंबेगावकरांची धास्ती आहे आणि आपल्या हक्काचे पाणी पोहोचत नाही ही खालच्या तालुक्यांची तक्रार. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे आहे आणि दोन्हींची भाषा अब्ज घनफुटांची आहे. ती अपरिहार्यही आहे, कारण पाणी मोजल्याखेरीज वाटता येत नाही. प्रश्न उद्भवतो तो पाण्याबरोबर माणसेही त्याच मापाने मोजली जाऊ लागतात तेव्हा. मनुष्याच्या जीविताचे मोल कशावरून ठरवावयाचे हा तो प्रश्न होय. त्याला ख्रिस्ती विचाराने जे उत्तर दिले आहे ते या धरणाच्या काठावर उभे राहून तपासून पाहण्यासारखे आहे.

प्रथम धरणाची बाजू. कुकडी प्रकल्पातील पाच धरणांपैकी साठवणीच्या दृष्टीने डिंभे सर्वांत महत्त्वाचे आहे. त्यात सुमारे साडेतेरा अब्ज घनफूट पाणी मावते. पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांतील अवर्षणप्रवण तालुक्यांना कुकडीच्या पाण्याने जो हात दिला तो नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळा या भागांतील ज्या शेतकऱ्याने पावसाची वाट पाहत बियाणे विकून खाल्ले असेल, त्याला धरण नको होते असे कोणी सांगू नये. त्याचेही जीवित मोलाचे आहे. धरणे बांधणारे सारे निर्दय आणि विरोध करणारे सारे संत, अशी सोपी विभागणी करून हा प्रश्न सुटत नाही.

तथापि धरणाचे समर्थन ज्या तर्काने केले जाते तो तर्क मात्र नीट पारखून घेतला पाहिजे. काही शे कुटुंबे उठतील, परंतु लाखोंना पाणी मिळेल. थोड्यांनी त्याग करावा, पुष्कळांचे भले व्हावे, असा तो तर्क आहे. १९२१ साली याच जिल्ह्यात मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला तेव्हाही हाच हिशेब पुढे करण्यात आला होता. पुढे कोयनेच्या वेळी तोच हिशेब झाला आणि डिंभ्यालाही तोच. हिशेबात चूक नाही. चूक आहे ती माणूस ही बेरीज-वजाबाकीची रक्कम आहे या गृहीतकात.

ख्रिस्ती धर्मविचाराचा आरंभच या गृहीतकाच्या नकारातून होतो. मनुष्य ईश्वराच्या प्रतिरूपात निर्माण झाला, हे बायबलच्या पहिल्याच अध्यायातील प्रतिपादन आहे. प्राचीन जगात राजाला देवाचे प्रतिरूप मानीत. येथे ते पद सरसकट मनुष्यमात्राला दिलेले आहे. त्यामुळे माणसाचे मोल त्याच्या उपयुक्ततेवरून, विद्येवरून, कुळावरून किंवा त्याच्यासारख्यांच्या संख्येवरून ठरत नाही. ते त्याला कोणी बहाल केलेले नाही आणि म्हणून कोणाला काढूनही घेता येत नाही. जीविताचे प्रयोजनही याच विचारातून येते: ईश्वरावर प्रेम करावे आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखेच प्रेम करावे. शेजारी कोण, या प्रश्नाला येशूने व्याख्या न सांगता वाटेवर जखमी होऊन पडलेल्या एका अनोळखी माणसाची गोष्ट सांगितली, हे सर्वश्रुत आहे.

संख्येचा तर्क तर शुभवर्तमानात नाव घेऊन आलेला आहे. येशूला पकडण्याची मसलत चालू असता मुख्य याजक कयफा याने असा युक्तिवाद केला की सबंध राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एका माणसाने मरणे हे हिताचे आहे. कयफा हा काही वेडा किंवा खलपुरुष नव्हता. रोमन सत्तेच्या छायेत आपला समाज वाचवू पाहणारा तो एक जबाबदार पदाधिकारी होता. त्याचे गणित कोणत्याही नियोजन मंडळाला पटण्यासारखे आहे. परंतु ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानी जो क्रूस आहे तो नेमका या गणिताचा परिणाम आहे. ज्या धर्माचा संस्थापकच 'थोड्यांच्या त्यागा'च्या तर्काचा बळी ठरला, त्या धर्माला तो तर्क निमूटपणे स्वीकारता येत नाही.

याउलट हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत आहे. शंभरांतील एक मेंढरू चुकले म्हणून नव्याण्णव रानात ठेवून त्या एकाच्या शोधात निघणारा मेंढपाळ व्यवहारी माणसाला वेडगळ वाटेल. वाड्यावस्त्यांवरून मेंढरे घेऊन फिरणारा आपल्याकडचा धनगर कदाचित तसे म्हणणार नाही. त्याला कळपातले प्रत्येक जनावर वेगळे ओळखता येते. दृष्टांताचे मर्म तेच आहे. ज्याला ओळखले आहे त्याची टक्केवारी काढता येत नाही.

ख्रिस्ती दृष्टी पारलौकिक आहे, ती या जगातील अन्यायापुढे मान तुकवायला शिकविते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. धर्माचा तसा वापर पुष्कळ झाला आहे. परंतु नाबोथाची कथा ज्याने वाचली असेल त्याला हा आक्षेप अपुरा वाटेल. राजवाड्यालगतचा नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजाला हवा होता. राजाने त्याच्या बदल्यात अधिक चांगला मळा देऊ केला, नाहीतर रोख किंमत देऊ केली. आजच्या भाषेत जमिनीस जमीन किंवा योग्य मोबदला. वाडवडिलांचे वतन मी देणार नाही, असे नाबोथाने सांगितले. मग राणीने खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडमार झाला आणि राजा मळ्याचा ताबा घेण्यास गेला. तेथे त्याची गाठ पडली ती एलीया संदेष्ट्याशी. भूसंपादनाची इतकी जुनी आणि इतकी स्वच्छ नोंद क्वचितच सापडेल. मोबदला देऊ केला एवढ्याने राजा निर्दोष ठरत नाही आणि जमीन ही केवळ विकावयाची वस्तू नाही, असे ती सांगते.

हा विचार आपल्याला परका आहे असे समजण्याचे कारण नाही. १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत आगगाडीच्या प्रवासात गांधीजींनी रस्किनचे एक छोटे पुस्तक वाचले. त्या पुस्तकाचे नाव द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दृष्टांतावरून घेतलेले होते. शेवटी आलेल्या मजुरालाही पहिल्याइतकीच मजुरी देणाऱ्या मालकाची ती गोष्ट. १९०८ मध्ये गांधीजींनी त्या पुस्तकाचा गुजराती सारांश 'सर्वोदय' या नावाने प्रसिद्ध केला. पुष्कळांचे सुख हे ध्येय अपुरे आहे, सर्वांचा उदय हवा आणि त्याची सुरुवात शेवटच्या माणसापासून हवी, हा आशय त्या शब्दात साठलेला आहे. पीडितांना आपले म्हणणाऱ्यातच साधू ओळखावा, ही देहूच्या संताची कसोटीही याहून वेगळी नाही.

हा विचार आचरणात आणणे शक्य आहे काय, याचे उत्तरही फार दूर शोधावयास नको. घोड ज्या भीमेला मिळते त्या भीमेच्याच खोऱ्यात केडगाव आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि ज्यांना कोणी विचारीत नव्हते अशा शेकडो मुली व विधवांना त्यांनी केडगावी आणले. त्यांच्या धर्मांतराविषयी त्या काळी पुण्यात जे वादळ उठले त्याची चर्चा आजही होते आणि मतभेदास जागा आहे. परंतु त्या मुलींना जगविण्यावरच त्या थांबल्या नाहीत. त्यांना अक्षरे दिली, शेती आणि विणकाम शिकविले, अंधांच्या शिक्षणाची सोय केली, आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून स्वतः केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची छपाईही आश्रमातील स्त्रियांच्या हातून करविली. केवळ पोट भरणे म्हणजे माणसाचे पुनर्वसन नव्हे, त्याच्या जगण्याला काम, मान आणि हेतू परत मिळाला पाहिजे, हा धडा केडगावने सव्वाशे वर्षांपूर्वीच दिलेला आहे.

अर्थात ख्रिस्ती संस्थांनी आपली पाटी कोरी आहे असे म्हणू नये. युरोपीय सत्तांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भूमी बळकावल्या तेव्हा पंधराव्या शतकातील पोपच्या फर्मानांचा आधार घेतला गेला. त्या तथाकथित 'शोधाच्या सिद्धांता'चा व्हॅटिकनने स्पष्ट शब्दांत त्याग केला तो २०२३ साली. आपल्या देशातील चर्चमध्येही जातिभेद शिरला आणि टिकला. तत्त्व उदात्त असले म्हणून ते पाळले जातेच असे नाही; मात्र ते पाळले गेले नाही हे दाखविण्यासाठीसुद्धा तेच तत्त्व हाताशी घ्यावे लागते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या परिपत्रकात ही दुरुस्ती पुढे नेली. मूळनिवासी समाजांच्या भूमीवर मोठे प्रकल्प येतात तेव्हा ते समाज चर्चेतील प्रमुख पक्ष असले पाहिजेत, कारण त्यांच्या लेखी भूमी ही बाजारातील वस्तू नसून ईश्वराची आणि पूर्वजांची देणगी आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. तेथे नाबोथच पुन्हा बोलत आहे.

या दृष्टीने डिंभ्याकडे पाहिले म्हणजे काय दिसते? विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा करण्यात महाराष्ट्र अग्रेसर होता. १९७६ चा कायदा हे त्याचे प्रमाण आहे. २०१३ च्या केंद्रीय कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभेची संमती यांना स्थान दिले. कायद्याच्या अक्षरात शंभराव्या मेंढराची दखल आहे. उणीव आहे ती क्रमाची. भिंत आधी उभी राहते, पाणी आधी चढते आणि माणसांचा विचार मागाहून, शिल्लक रकमेतून होतो. डिंभ्याच्या काठी जी काही सावराासावर झाली ती बव्हंशी लोकांनी झगडून करून घेतली. 'शाश्वत' या संस्थेच्या साह्याने त्यांनी गाळपेर जमिनीसाठी पाठपुरावा केला, सहकारी संस्था काढून जलाशयातील मासेमारीत आपला वाटा मिळविला. या कार्याला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक लाभले. ज्यांना योजनेने वजा केले होते त्यांनी आपण वजा होण्याजोगे नाही हे सिद्ध केले. पण ते त्यांना सिद्ध का करावे लागावे?

याच डोंगररांगेत, याच तालुक्यात, ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. दीडशेच्या आसपास माणसे गेली. गाव नाहीसे झाल्याचे प्रथम लक्षात आले ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी. चालकाच्या. त्याला रोजचे गाव दिसेना. साऱ्या व्यवस्थेत त्या गावाला ओळखणारा तो एक माणूस होता, हे त्या दुर्घटनेचे सर्वांत बोचरे सत्य आहे. शासनाने नवे माळीण उभारले, २०१७ मध्ये घरे दिली, हे नमूद केलेच पाहिजे. त्यानंतर २०२१ साली तळिये आणि २०२३ साली इरसालवाडी झाली. प्रत्येक वेळी मृतांच्या वारसांना साह्य जाहीर झाले. मृत्यूनंतर माणसाची किंमत ठरविण्यात आपण तत्पर आहोत. जिवंतपणी त्याचे मोल ओळखण्याचे काम मात्र अद्याप एस. टी. चालकावर सोपविलेले आहे.

या विचाराने धरणेच बांधता येणार नाहीत, असे कोणी म्हणेल. ते खरे नव्हे. दृष्टांतातील मेंढपाळ नव्याण्णवांचा त्याग करीत नाही. शंभरावे परत आल्याशिवाय कळप पूर्ण झाला असे मानत नाही, इतकेच. प्रकल्प पुरा झाला हे भिंतीच्या उंचीवरून न ठरविता, उठविलेले शेवटचे कुटुंब स्थिरावले काय यावरून ठरवावे, एवढीच मागणी त्यातून निघते. ती अव्यवहार्य नाही. गैरसोयीची मात्र खचित आहे.

बोगद्याचा वाद आज ना उद्या मिटेल. पाणी किती पातळीपर्यंत खाली न्यावयाचे याचा आकडा तज्ज्ञ ठरवितील आणि तो ठरविण्याचा अधिकार त्यांचाच आहे. परंतु त्या पातळीवर काठच्या गाळपेरीचे, मासेमारीचे आणि पिण्याच्या पाण्याचे काय होणार, हा प्रश्न त्या बैठकीत कोणीतरी विचारला पाहिजे. आणि तो विचारावयास काठावरचा माणूस स्वतः तेथे बसलेला असला पाहिजे. तेथे त्याची खुर्ची मांडली गेली तर नाबोथाची कथा वाचल्याचे सार्थक होईल. न मांडली गेली, तर कयफाचे गणित पुन्हा एकदा बिनचूक सुटले एवढेच म्हणावे लागेल.