वाया गेलेल्या वायूचा विसरलेला न्याय

१/९
तेलविहिरींतून सुटणाऱ्या मिथेनवर सरकारने बंधन घालावे काय, हा वाद हवामानबदलाच्या चर्चेतून जन्मला, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः तो त्याहून जुना आहे. त्याचा एक मोठा निकाल लागला तो अमेरिकेच्या तेलाच्या माहेरघरी, टेक्सासमध्ये. आजचा धागा त्या निकालाविषयी.

२/९
तेलासोबत वायूही वर येतो. त्याचा मुख्य घटक मिथेन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत टेक्सासमध्ये या वायूला फारसा भाव नव्हता. नळ टाकून तो बाजारात नेण्यापेक्षा विहिरीपाशीच पेटवून देणे स्वस्त पडे. तेलक्षेत्रांवर रात्रंदिवस ज्वाळा धगधगत असत.

३/९
तेथील तेलउद्योगाचे नियमन करणाऱ्या संस्थेचे नाव रेलरोड कमिशन. १८९१ साली ती स्थापन झाली रेल्वेसाठी. तेल तिच्याकडे मागाहून आले. १९४७ साली तिने सीलिगसन तेलक्षेत्राला आज्ञा दिली : वायूचा उपयोग करण्याची सोय होईपर्यंत तेलही काढायचे नाही.

४/९
शेलसारख्या कंपन्या न्यायालयात गेल्या. त्याच वर्षी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने कमिशनच्या बाजूने कौल दिला. पुढे अनेक तेलक्षेत्रांना अशाच आज्ञा झाल्या. वायुप्रक्रियेचे कारखाने उभे राहिले. काही ठिकाणी वायू पुन्हा भूगर्भात सोडल्याने दाब टिकून तेलही अधिक मिळाले. उद्योग बुडाला नाही.

५/९
या निर्णयामागे तापमानवाढीची चिंता नव्हती. आधार एकच होता : नासाडी. भूगर्भातील ठेवा एकदाच हाती येतो; तो उधळण्याचा अधिकार विहीर खणणाऱ्यालाही नाही.

६/९
हे तत्त्व पुढे झिजले. शेल खडकातील तेलाच्या भरभराटीत त्याच कमिशनने वायू जाळण्याचे हजारो परवाने दिले. ज्वाळेत ९८ टक्के मिथेन जळतो, असे गृहीत धरले जाई. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या विमानातून केलेल्या मोजणीत हे प्रमाण सुमारे ९१ टक्केच भरले. काही ज्वाळा तर विझलेल्याच होत्या. असा निसटलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता कोंडतो.

७/९
केंद्र सरकारचे धोरण मात्र झोपाळ्यावर बसले. २०१६ साली ओबामांच्या कारकिर्दीत नियम आला. २०२० साली ट्रम्प प्रशासनाने तो मोडला. २०२१ साली काँग्रेस आणि बायडेन यांनी तो परत आणला. २०२२ च्या कायद्याने मर्यादेबाहेरच्या मिथेनवर टनामागे ९०० डॉलरपासून आकार ठरवला. २०२५ साली त्याची वसुली थेट २०३४ पर्यंत पुढे ढकलली गेली.

८/९
माझ्या मते चूक युक्तिवादाच्या निवडीतही आहे. हवामानाचा आधार खरा आहे, परंतु तेथे तो पक्षीय झाला. सत्ता पालटली की नियम पालटतो. नासाडीचा आधार कोणत्याही पक्षाचा नाही. लहान विहिरींना खर्च झेपत नाही, ही तक्रार खोटी नव्हे. त्यांना मुदत द्यावी, साहाय्य द्यावे. कायमची सूट देऊ नये.

९/९
जळालेला वायू नासाडी ठरतो, तर झडपेतून न जळताच निसटलेला वायू दुहेरी नासाडी होय : इंधनही गेले आणि हवाही तापली. १९४७ साली टेक्सासला जे कळले होते, ते आज नव्याने शिकावे लागू नये.